पियानोवरची वही ठेवायची फळी फुटली आहे. नवी करावी की जुनीच जोडता येईल?

जुनीच जोडा, ताई. सुतार प्लायची नवी सुचवतोय, कारण त्याला ते सोपं पडतं. आमच्याकडे बहुतेक मोडक्या वस्तूंवर "नवी करी टाका ना" हेच उत्तर मिळतं.

तुम्ही लिहिलंय, फळी लांबीला चिरली आणि डावी बिजागरी स्क्रूसकट हातात आली. हे दोन वेगळे आजार नसावेत. स्क्रूचं भोक आधी सैल होतं, ती बिजागरी लुळी पडते, सगळा भार दुसरीवर जातो आणि फळी रेषेत फाटते. नुसती चीर जोडली तर महिन्याभरात पुन्हा तेच.

मी जळगावात हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करतो. पियानो आयुष्यात तीनच हाताळले, पण त्यातल्या दोघांची हीच फळी गेलेली. भुसावळच्या एका जुन्या बंगल्यात शहाणपणा करून पाऊण इंची फळीत मागून इंचभराचा स्क्रू पिळला. टोक पुढच्या पॉलिशमधून बाहेर आलं आणि मुगाच्या डाळीएवढा टवका उडाला. तो अजून तिथेच आहे, आणि घरमालकीणबाई दर वेळी दाखवतात.

म्हणून स्क्रू जुन्याच लांबीचा घ्या. भोकात फेविकॉल लावून सागवानाची बारीक पाचर ठोका, रात्रभर ठेवा, वर आलेली पटाशीने कापा, मग नवं बारीक छिद्र पाडा. पितळी स्क्रू थेट पिळू नका, डोकं तुटतं. आधी त्याच मापाचा लोखंडी फिरवून काढा, नंतर पितळीला मेणबत्ती घासून बसवा.

हे सगळं फळी खाली काढून. बऱ्याच उभ्या पियानोंत वरचं झाकण उचललं की आत दोन्ही बाजूंना फिरक्या दिसतात, त्या फिरवल्या की पुढची चौकट फळीसकट निघते. वरच काम केलं आणि एक स्क्रू वाजवायच्या पट्ट्यांमध्ये पडला, तर एखादी पट्टी दाबलीच जाणार नाही.

चिरेत जुना सरस, म्हणजे पूर्वीचा सुतारी गोंद, असेल तर कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करून खरवडा आणि वाळू द्या. झटपट चिकटणारा गोंद कुणी आधीच ओतला असेल तर तो पूर्ण काढावा लागेल, नाहीतर फेविकॉल लाकडात मुरत नाही. दोन्ही कडांना पातळ थर लावून दाबा. शिकंजा नसला तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा, कडांना पुठ्ठा द्या. वर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने लगेच पुसा. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.

पुट्टी मात्र भरू नका. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड आखडतं, पावसाळ्यात फुगतं, आणि उन्हाळ्यात भरलेली पुट्टी मग बाहेर ढकलली जाते.

पॉलिशसाठी मागच्या बाजूला कापसाने थोडं स्पिरिट लावून बघा. चिकट झालं तर चपडी लाखेचं पॉलिश आहे, तेच वरून मारता येईल. चिकट नाही झालं तर लाख मारू नका, फक्त मेण घासा.

आणि कूलर पियानोच्या तोंडावर असेल तर दुसऱ्या भिंतीला हलवा.