आईने मनाने कधी अँटिबायोटिक घेतलं नाही, तरी युरिन कल्चरमध्ये इतके 'आर' कसे?

तुम्ही लिहिलंय की आईने दुकानातून मनाने कधी गोळ्या आणल्या नाहीत, दिलेला कोर्स अर्धवट सोडला नाही. तरी लघवीतले जंतू वाढवून तपासल्याच्या रिपोर्टमध्ये ई. कोलाय हा आतड्यातला जंतू, खाली 'ईएसबीएल' (पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन गटातली बरीच औषधं निकामी करणारं जंतूचं एन्झाइम) आणि बहुतेक औषधांपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे ते औषध त्या जंतूवर चालत नाही). 'मग आमचं चुकलं कुठे?' मी सोलापुरात एका खासगी लॅबमध्ये कल्चरचं काम करते. असे रिपोर्ट रोज हाताखालून जातात, म्हणून आधी हे सांगते: तुमचं काही चुकलेलं नाही.

रेझिस्टंट होतो तो जंतू, माणूस नाही. आईच्या आतड्यात शिरण्याआधीच तो तसा असू शकतो. किंवा आत आल्यावर शेजारच्या जंतूकडून त्याने ते जनुक घेतलेलं असू शकतं. हे देणं-घेणं फार कमी लोकांना माहीत असतं, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

जंतूकडे मुख्य डीएनएखेरीज बऱ्याचदा डीएनएची एक छोटी कडी असते, प्लास्मिड. दोन जंतू एकमेकांना चिकटतात, कडीचा एक धागा पलीकडे जातो आणि दोघेही आपापला जोडधागा तयार करतात. आपल्याकडे जकार्डच्या मागावर चादरीची नक्षी छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते. तो संच शेजारच्या मागावर चढवला की तिथंही तीच नक्षी निघते. जंतूंच्या बाबतीत देणाऱ्याकडेही संच शिल्लक राहतो. घेणारा त्याच जातीचा असावा लागतो असंही नाही.

हे उघड झालं जपानमध्ये. १९५०च्या दशकात तिथे आमांशाचा असा जंतू, शिगेला, सापडू लागला की ज्याच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल यांपैकी एकही चालेना. एकेक बदल होत गेला म्हणावं, तर चारही एकदम कसे? १९५९ मध्ये ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी दाखवलं की हा शिगेला साध्या ई. कोलायबरोबर वाढवला की चारही गुण ई. कोलायकडे जातात. त्या ई. कोलायने औषध कधी पाहिलेलंही नसलं तरी.

आता आईच्या रिपोर्टकडे या. त्यातला प्रत्येक 'आर' म्हणजे वेगळी चूक नव्हे. बरेचसे एकाच कडीवरून एकत्र आलेले असतात. (सिप्रोफ्लॉक्सासिनचा 'आर' बहुधा जंतूच्या स्वतःच्या डीएनएतल्या बदलाचा असतो, तो वेगळा.) म्हणूनच कुणीतरी सर्दीसाठी घेतलेली एक अनावश्यक गोळीही ती अख्खी कडी बाळगणाऱ्या जंतूंना वाढायला जागा करून देते. ईएसबीएलची जी जनुकं आपल्याकडे फार आढळतात, ती सीटीएक्स-एम गटातली. त्यांचा उगम क्लुइव्हेरा नावाच्या, माणसाला क्वचितच त्रास देणाऱ्या जंतूंच्या डीएनएत आहे. तिथून ती प्लास्मिडवर चढली आणि जगभर गेली.

देणं-घेणं एकाच माणसाच्या शरीरात होत असावं, याचं ठळक उदाहरणही लघवीच्याच जंतुसंसर्गातलं आहे. २००८ मध्ये, दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत एनडीएम-१ हे (राखीव ठेवलेली कार्बापेनेम औषधंही निकामी करणारं) जनुक असलेला क्लेब्सिएला नावाचा जंतू मिळाला. त्या रुग्णाच्याच शौचाच्या नमुन्यातल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक निघालं. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीच्या साचलेल्या सांडपाण्यात आणि नळाच्या काही नमुन्यांतही ते सापडलं.

सोलापूरकर म्हणून मला हे फार टोचतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत येतं, आणि उजनीचं पाणी आपण पितो. म्हणून तिथल्या दवाखान्यांचं सांडपाणी नीट शुद्ध होणं हा आपल्याही आरोग्याचा प्रश्न आहे. नुसतं 'कोर्स पूर्ण करा' असं रुग्णांना बजावून सगळा भार त्यांच्यावर टाकणं मला पटत नाही.

आईसाठी आता काय? रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडेच जा, मेडिकलवाल्याकडे नको. 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालतं) कशापुढे आहे ते त्यांच्याबरोबर बघा. संसर्ग मूत्राशयापुरता असेल तर नायट्रोफ्युरँटोइन किंवा फॉस्फोमायसिन अशा जंतूंवरही बऱ्याचदा चालतं. ताप, थंडी, पाठीत-कुशीत दुखणं असेल तर मात्र त्या गोळ्या पुरत नाहीत, उशीर करू नका. किडनीचा त्रास असेल तर तो आधी सांगा. आणि जळजळ, ताप, काहीच त्रास नसताना हे कल्चर सहज म्हणून केलेलं असेल, तर औषध लागतंच का, हेच पहिल्यांदा विचारा. वयस्कर बायकांच्या लघवीत त्रास न देणारे जंतू पुष्कळदा असतात, आणि गरोदरपण किंवा लघवीच्या मार्गावरची शस्त्रक्रिया अशी कारणं सोडली तर त्यांच्यावर सहसा उपचार करत नाहीत.