भोवळ येऊन पडणं : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

भोवळ आणि बेशुद्धीबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

प्रश्न : माझं वय २३. सकाळी नुसत्या चहावर घरातून निघते आणि डोंबिवलीहून लोकल पकडते. गर्दीत उभी असताना वर्षभरात तीनदा भोवळ आली. आधी जांभया येतात, पोटात ढवळतं, घाम फुटतो, बायकांचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं आणि मग डोळ्यांपुढे अंधारी येते. खाली बसवलं की मिनिटभरात शुद्धीवर येते. घरचे मेंदूचा एमआरआय करू या म्हणतात. करावा का?

उत्तर : करू नका, तो बहुधा नॉर्मलच येईल. जांभया, मळमळ, घाम, कान बंद झाल्यासारखं वाटणं, अंधारी आणि खाली येताच शुद्ध येणं हा क्रमच निदान सांगतो : ही साधी भोवळ आहे. तरुणांमध्ये शुद्ध हरपण्याचं हेच सर्वांत मोठं कारण आहे, आणि यात मेंदूत बिघाड नसतो.

उभं राहिलं की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. ते परत वर ढकलण्याचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, पण त्यासाठी पाय हलायला हवेत. खच्चून भरलेल्या डब्यात पाऊल उचलायला जागा नसते. उकाड्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आणखी रक्त तिकडे जातं. त्यात रात्रभर पोटात पाणी नाही. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, हृदय जोरजोरात ठोके देऊन भरपाई करू पाहतं, आणि काही जणांत नेमकी इथे उलटी प्रतिक्रिया होते. व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाची गती झपकन खाली आणतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो. मेंदूचा रक्तपुरवठा सहा ते आठ सेकंद तुटला तरी शुद्ध जाते.

म्हणून घरातून निघण्यापूर्वी दोन मोठे ग्लास पाणी, म्हणजे सुमारे अर्धा लिटर, प्या आणि पोळी-भाजी, पोहे, काहीतरी पोटभरीचं खा. नुसता चहा चालणार नाही. गर्दीत उभं असताना दर दोन-तीन मिनिटांनी टाचा उचला, पोटऱ्या आवळा.

पहिली जांभई आली की थांबायचं नाही. पायाची कात्री करून मांड्या, नितंब आणि पोट ताठ आवळा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बाहेर ओढा, पण पकड सोडू नका. अर्धा-एक मिनिट, लक्षणं ओसरेपर्यंत धरा. यामुळे रक्तदाब काही सेकंदांत वर येतो. तरीही अंधारी वाढली तर डब्याच्या जमिनीवरच बसा, कपडे मळतील याचा विचार नको. हवा हवी म्हणून दाराशी मात्र कधीही जाऊ नका. तोल जाणारच आहे, तो दारात गेला तर काय होईल हे सांगायला नको.

तपासण्या तीनच करा: एकदा ईसीजी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, आणि हिमोग्लोबिन. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन नक्की बघा. आणखी एक गोष्ट सगळ्याच मैत्रिणींना सांगून ठेवतो. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात दुखून भोवळ आली तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिलेला असू शकतो. तेव्हा त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं.

प्रश्न : रक्त पाहिलं किंवा सुई टोचली की मी कोसळतो. रक्तदान करायची फार इच्छा आहे. ही भीती मनाची आहे, मन घट्ट कर, असं सगळे सांगतात.

उत्तर : मन घट्ट करून काही होत नाही, स्नायू घट्ट करावे लागतात. इतर भीतींमध्ये रक्तदाब चढलेला राहतो. रक्त-सुईच्या भीतीत तो आधी चढतो आणि मग एकदम पडतो. म्हणून ‘अंग सैल सोड, दीर्घ श्वास घे’ हा सल्ला इथे उलटा पडतो.

खुर्चीत बसून हात, पाय आणि पोट आवळा. चेहरा गरम झाल्यासारखं वाटेपर्यंत, साधारण १० ते १५ सेकंद, धरा. मग सोडा, पण पूर्ण ढिले होऊ नका, नेहमीच्या अवस्थेत या. २०-३० सेकंद थांबून पुन्हा करा. असं पाच वेळा, दिवसातून चार-पाचदा, आठवडाभर. श्वास रोखायचा नाही, ती चूक बहुतेक जण करतात. सराव झाला की आधी सुईचं चित्र, मग दुसऱ्या कुणाचं रक्त घेताना, मग स्वतःची रक्ततपासणी, अशा पायऱ्या चढा. ज्या हातात सुई आहे तो सैल ठेवून बाकीचं अंग आवळता येतं.

रक्तदानासाठी वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ लागतं. उपाशीपोटी जायचं नाही, अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी प्यायचं, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना आधीच सांगायचं म्हणजे ते आडवं झोपवून रक्त घेतील. नंतर १०-१५ मिनिटं तिथेच बसा. पुष्कळजण रक्त देताना ठीक असतात आणि उठून जिन्यापाशी पोचल्यावर पडतात.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत. प्रोस्टेटसाठी महिन्यापूर्वी टॅमसुलोसिन सुरू झालं. रात्री तीनला लघवीला गेले आणि तिथेच पडले. परवा पुन्हा तसंच झालं. वयोमानाने होतं का?

उत्तर : वयावर ढकलू नका. इथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. झोपेतून झटकन उठल्यावर रक्त खाली उतरतं. भरलेलं मूत्राशय रिकामं होताना रक्तदाब प्रतिक्षिप्त क्रियेने घसरतो, उभ्याने लघवी करणाऱ्या पुरुषांना याचा त्रास जास्त. आणि टॅमसुलोसिन रक्तवाहिन्याही सैल करतं, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या जोडीला असतील तर.

घरीच मोजून बघा. वडिलांना पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घ्या. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. शेजारी कुणीतरी उभं असू दे, दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीवर असू दे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर कारण हाती लागलं. दोन-तीन दिवस गोळ्यांच्या आधी आणि नंतर असे आकडे वहीत लिहून काढा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. वेळ बदलणं, मात्रा कमी करणं किंवा औषधच बदलणं, काय करायचं ते आकड्यांवरून ठरतं. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का, हेही विचारा.

तोवर लघवी बसूनच करायची, किंवा रात्री पलंगापाशी भांडं ठेवायचं. उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, घोटे १५-२० वेळा वरखाली करायचे, मग उभं राहायचं. रात्रभर मंद दिवा आणि बाथरूमला आतून कडी नाही. डोक्याला मार लागला असेल आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल, तर मात्र सीटी स्कॅन करायलाच हवा, वरवर ठीक दिसत असले तरी.

प्रश्न : माझी १९ वर्षांची मुलगी थंडीत अंघोळ करताना बेशुद्ध पडली, दार तोडून बाहेर काढली. दवाखान्यात बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९९ टक्के आला, अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. गेल्या आठवड्यात धाकट्या मुलाचंही अंघोळीनंतर डोकं दुखलं, उलटी झाली. गॅस गिझर बाथरूममध्येच आहे. त्याचा काही संबंध?

उत्तर : पूर्ण संबंध आहे. तो गिझर आजपासून बंद. या अंकातलं हे सर्वांत तातडीचं पत्र आहे.

बंद जागेत गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, त्यामुळे ‘वास आला नाही म्हणजे सगळं ठीक’ हा समज घातक आहे. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो आणि अवयवांना ऑक्सिजन मिळेनासा होतो. बोटावरच्या यंत्राला या दोन प्रकारच्या हिमोग्लोबिनमधला फरक कळत नाही. म्हणूनच ९९ टक्के आला. खरी तपासणी रक्तातल्या कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची, म्हणजे हा वायू चिकटलेल्या हिमोग्लोबिनची, आणि तीही लवकर करावी लागते, कारण मोकळ्या हवेत काही तासांत प्रमाण उतरतं.

एकाच घरातल्या दोघांना एकाच ठिकाणी डोकेदुखी, मळमळ, भोवळ होणं हा मोठा धागा असतो. ही माहिती दवाखान्यात कुणी विचारत नाही, म्हणून तुम्हीच सांगायची.

गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि गरम पाणी नळाने आत आणा. झडपांची खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा पुरेसा नाही. थंडीत खिडकी बंद केली जाते आणि पंखा लावायचा विसर पडतो, तिथेच घात होतो. ज्योत निळी न राहता पिवळी दिसत असेल तर गॅस नीट जळत नाही, पण निळी ज्योत आहे म्हणून बंद बाथरूम सुरक्षित ठरत नाही.

कुणी आत पडलंच तर दार उघडा, सिलिंडरचा खटका बंद करा, व्यक्तीला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. स्वतः आत रेंगाळू नका. रुग्णालयात पहिलं वाक्य ‘गॅस गिझर चालू होता’ हेच असू दे. उपचार म्हणजे मास्कने भरपूर ऑक्सिजन, सलाईन नव्हे. मुलीला विसराळूपणा, चिडचिड, चालताना अडखळणं असं काही पुढच्या काही आठवड्यांत जाणवलं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. उशिरा होणारे परिणाम असतात.

प्रश्न : मुलगा १८ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो. १६०० मीटर धावताना हजारएक मीटरवर अचानक तोंडावर पडला. अर्ध्या मिनिटात उठला. काहीच पूर्वसूचना नव्हती. उन्हामुळे झालं असेल का? त्याचा काका ३१ व्या वर्षी झोपेत गेला होता.

उत्तर : धावणं थांबवा, तपासण्या पूर्ण होईपर्यंत एक दिवसही नाही. धाव संपवून उभा राहिल्यावर पडणं वेगळं असतं. तेव्हा पायांचा पंप थांबल्याने रक्त खाली साचतं, आणि शेवटी चालत राहिलं की ते टळतं. पळता पळता, ऐन जोरात असताना शुद्ध जाणं मात्र हृदयाचं लक्षण धरूनच तपासायचं. त्यात पूर्वसूचना नाही आणि घरात तरुणपणी झालेला अचानक मृत्यू आहे. तीनही गोष्टी धोक्याच्या आहेत.

हृदयाच्या स्नायूची आनुवंशिक कारणाने वाढलेली जाडी, अरुंद झडप, ठोक्यांच्या विद्युत यंत्रणेतला वंशागत दोष, असं काही असू शकतं. याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. ईसीजी नॉर्मल आला तरी तिथेच थांबू नका. २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र) आणि देखरेखीखाली ट्रेडमिल चाचणी लागेल का, ते विचारा. काकांचा जुना ईसीजी किंवा कागदपत्रं असतील तर सोबत न्या. भावंडांचाही ईसीजी काढा.

झोपलेलं असताना बेशुद्धी, आधी छातीत धडधड किंवा दुखणं, काळी शौच होऊन भोवळ, या तक्रारीही थांबण्यासारख्या नाहीत.

प्रश्न : आई लग्नात पडली, हातपाय झटकले. लोकांनी कांदा हुंगवला, तोंडात चमचा घातला, खुर्चीत बसवलं. ही फीट होती का?

उत्तर : नुसत्या झटक्यांवरून फीट ठरत नाही. साध्या भोवळीतही काही सेकंद हातपाय उडतात. जीभ कडेने चावली गेली, झटके मिनिटभर चालले, नंतर १५-२० मिनिटं माणसं ओळखता आली नाहीत, तर फीट असण्याची शक्यता जास्त. पांढराफटक चेहरा, घाम आणि लगेच भान येणं भोवळीकडे बोट दाखवतं. पुढच्या वेळी कुणीतरी मोबाइलवर चित्रण करा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

खुर्चीत बसवणं ही सर्वांत मोठी चूक. पडलेल्याला उभं किंवा बसतं केलं की मेंदूला रक्त पोचत नाही, बेशुद्धी लांबते आणि झटकेही त्यामुळेच वाढतात. सपाट झोपवा, पाय फूटभर उंच धरा, गळ्याजवळचं आणि कमरेचं कापड सैल करा, घोळका हटवा. उलटी येत असेल तर कुशीवर वळवा. कांदा, चप्पल, चमचा, तोंडात पाणी यांतलं काहीच नको. दोन मिनिटांत शुद्ध आली नाही तर १०८. श्वास चालत नसेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात. मधुमेह असेल तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

प्रश्न : दीड वर्षाची नात रडता रडता श्वास धरते, निळी पडते आणि मान टाकते. सूनबाई घाबरून हट्ट पुरवते.

उत्तर : सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत असं होतं. श्वास ती मुद्दाम धरत नाही, आणि मिनिटाच्या आत आपोआप सुरू होतो. जमिनीवर कुशीवर ठेवा. हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. हिमोग्लोबिन आणि लोह तपासा, कमी असेल तर लोहाच्या औषधाने हे प्रकार पुष्कळ घटतात. एकदा ईसीजी काढून घ्या. न रडता किंवा झोपेत असं झालं तर बालरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी न्या. हट्टाचं म्हणाल तर नेहमीसारखंच वागा. नाही म्हणायचं तिथे नाही म्हणायला हरकत नाही, त्याने तिच्या जिवाला धोका होत नाही.