नागपुरात मुलीला महापालिकेच्या सेमी इंग्रजी शाळेत घालावं का? परसबाग, योग यांत अभ्यास मागे पडतो का?

तुम्हाला दोन गोष्टींची धास्ती वाटते आहे. एक, सेमीत घातलं तर मुलीचं ना धड मराठी होईल ना इंग्रजी. दुसरी, घराजवळची शाळा परसबाग, योग, आहार याबद्दल इतकं सांगते की वाचन आणि पाढे कधी होतात तेच कळत नाही. मी नागपुरातच महापालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवते आणि सेमीचे वर्ग घेते. माझं मत आधीच सांगते: घाला. फक्त त्या शाळेतली परसबाग वर्गात येते का, एवढं बघून घाला.

सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. इंग्रजी विषय तर महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच आहे. सुरुवातीची दोन वर्षं मी गणिताचं एक वाक्य इंग्रजीत बोलायचे आणि लगेच तेच मराठीत सांगायचे. मला वाटायचं, मुलांना सोपं जातंय. खरं तर मुलं इंग्रजी वाक्य संपायची वाट बघत बसायची, कारण पाठोपाठ मराठी येणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. वर्षाच्या शेवटी मराठीही पातळ झालेलं आणि इंग्रजीही आलेलं नाही. तुम्हाला जी भीती वाटते तेच माझ्या वर्गात घडलं होतं, म्हणून तिला मी खोटी म्हणणार नाही. पण दोष दोन भाषांचा नव्हता, शिकवण्याच्या पद्धतीचा होता.

बदल झाला तो वाफ्यापाशी. हिवाळ्यात तिसरीची मुलं जुन्या पुठ्ठ्याच्या पाट्या करत होती. एका मुलीनं लिहिलं, ‘सांबार’, कोथिंबिरीला इकडं घरोघरी तेच म्हणतात. शेजारचा म्हणाला, पुस्तकात कोथिंबीर आहे. तिसऱ्याच्या घरी हिंदी बोलतात, तो म्हणाला धनिया. इंग्रजी शब्द कोणालाच येत नव्हता, तो मी सांगितला: कोरिअँडर. मग पाटीवर कोणता लिहायचा यावर चांगलीच वादावादी झाली आणि शेवटी चारही लिहिले. पुठ्ठा लहान असल्यानं ‘कोरिअँडर’ खाली वाकडा होऊन बसला. तो शब्द मला पुन्हा शिकवावा लागला नाही. पुढं टोमॅटोचंही तसंच झालं, त्याला इकडं भेद्रं म्हणतात. पानं हातात होती, वास नाकात होता आणि शब्दावरून भांडण झालेलं होतं, मग विसरणार कसं?

नागपूरला हे काही नवं नाही. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि इथलं लेकरू आजही शाळेत मराठी, गल्लीत हिंदी सहज बोलतं. त्याला तिसरी भाषा जड जात नाही. नुसते शब्द हवेत सोडले, तर मात्र जड जातं.

आता मी तेच वाक्य दोनदा बोलत नाही. काम मराठीत करायचं आणि त्याचा हिशोब इंग्रजीत मांडायचा. पावसाचं उदाहरण सांगते. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे पावसाच्या तोंडावरच. पाचवीची मुलं सरळ उभ्या कडांची बाटली कापून अंगणात ठेवतात आणि सकाळी पट्टीनं पाणी मोजतात. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या खोलीचं छत ४८ चौरस मीटर आहे. एका सकाळी ४० मिलिमीटर निघाला, म्हणजे १,९२० लिटर! वर्गात क्षणभर सामसूम होती. मग एकानं विचारलं, ‘मॅडम, एवढं पाणी गेलं कुठं?’ तिथून छताचा पाइप, टाकी, नाली, नाग नदी असा विषय निघाला आणि तास संपला तरी मुलं उठेनात. क्षेत्रफळ आणि गुणाकार त्या दिवशी इंग्रजीत झाले, कोणाची तक्रार नव्हती. अभ्यास मागे पडतो का, याचं माझं उत्तर हेच आहे.

पोषण आहाराचंही तसंच. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असा नियम आहे. ३२ मुलं हजर असतील तर तांदूळ किती, हे गणित चौथीची मुलं स्वयंपाकाच्या ताईंसोबत काट्यावर करतात. वाफ्यातला पालक त्याच दिवशी वरणात पडतो. घरी पालक बघून तोंड वाकडं करणारी पोरं इथं दुसऱ्यांदा मागतात, कारण पाणी त्यांनी घातलेलं असतं.

आरोग्याचं एक मात्र आवर्जून सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, सगळे म्हणायचे इंग्रजीत कच्चा. फळ्यावरचं चुकीचं उतरवायचा, शेजाऱ्याच्या वहीत डोकावायचा. आरोग्य तपासणीत कळलं, त्याला लांबचं दिसतच नव्हतं. चष्मा लागला आणि दोन महिन्यांत तो मोठ्यानं वाचू लागला. एवढे दिवस मी त्याला भाषेचा कच्चा समजत होते, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून शाळेत योग होतो का, यापेक्षा डोळे, दात, वजन तपासून त्यावर पुढं काही करतात का, ते आधी विचारा.

एक गोष्ट आत्ताच मान्य करून टाका: पाचवीपर्यंत मुलगी फाडफाड इंग्रजी बोलणार नाही. वाचेल, गणित समजेल, प्रश्न विचारेल. घरी तुम्ही तिच्याशी मोडकं इंग्रजी बोलू नका, मराठीच बोला आणि रोज थोडं वाचून दाखवा. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलं आहे.

शाळा बघायला जाल तेव्हा कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका. साध्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत जा. हात धुवायच्या नळाला पाणी आहे का बघा आणि ते पाणी झाडांकडं वळवलंय का तेही बघा. वाफ्यापाशी एखाद्या मुलाला विचारा, ‘हे काय आहे?’ पाठ केलेलं वाक्य आलं, तर बाग नुसती दाखवायला आहे असं समजा. मूल वाकून पान तोडून तुमच्या हातात देत असेल, तर शाळा चांगली आहे.

आणि मुख्याध्यापकांना विचारा, मे महिन्यात पाणी कोण घालतं. २०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता, ते तुम्हाला आठवत असेल. मी आधी ज्या शाळेत होते, तिथली बाग एकाच सुट्टीत वाळून गेली. जूनमध्ये मुलं आली आणि वाफ्यापाशी नुसती उभी राहिली. आता आमच्याकडं पालकांच्या पाळ्या आहेत, शाळा व्यवस्थापन समितीनं लावलेल्या. या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका, कायद्यानंच. तुम्हीही समितीत जा. आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी लागेल, पण मुलगी तुमच्यासोबत झारी घेऊन येईल.