सहा छिद्रांच्या बासरीवर संगीतशास्त्राची सुरुवात

आपण सहा छिद्रांच्या बांबूच्या बासरीवर लोकगीतांच्या चाली नुसत्या ऐकून वाजवता, परंतु शास्त्राचे पुस्तक उघडले की श्रुती (सप्तकातील सूक्ष्म स्वरांतरे), थाट (रागांच्या वर्गीकरणासाठी मानलेली सात स्वरांची चौकट), वादी-संवादी (रागातील सर्वांत महत्त्वाचा आणि त्याखालोखालचा स्वर) या शब्दांत अडकता आणि म्हणून सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पुस्तक तूर्त मिटून ठेवावे, कारण आरंभी लागणारे बरेचसे शास्त्र बासरीच्या छिद्रांमधील अंतरांतच आहे.

हिंदुस्थानी पद्धतीत फुंकेकडील तीन छिद्रे बंद ठेवली की षड्ज (सा) मिळतो, सहाही बंद केली की मंद्र पंचम (खालच्या सप्तकातील प) आणि सगळी मोकळी सोडली की तीव्र मध्यम (चढा म). शुद्ध मध्यमासाठी मात्र फुंकेजवळचे छिद्र अर्धेच उघडावे लागते आणि नवशिक्याचा सूर हमखास ढळतो तो येथेच. सप्तकात एकूण १२ स्वरस्थाने असून शेजारच्या दोन स्थानांतील अंतरास अर्धस्वर म्हणतात. छिद्रे पूर्ण उघडून वा पूर्ण झाकून जे सात स्वर निघतात, त्यांत असे अंतर दोनच ठिकाणी येते: निषाद (नी) आणि षड्ज यांच्यामध्ये, तसेच तीव्र मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये. या दोन जागा बोटांना न विचारता कानाने ओळखता येईपर्यंत पुढे जाऊ नये.

त्यानंतरचा अभ्यास मला सर्वांत मोलाचा वाटतो. बोटे तीच ठेवून षड्ज बदलावा. तीन छिद्रे बंद असतानाच्या स्वराला षड्ज मानून अर्धे छिद्र न वापरता सप्तक वाजवले तर कल्याण थाट मिळतो. सहाही बंद असतानाच्या स्वराला षड्ज मानले तर त्याच छिद्रांतून बिलावल, पाच बंद असतानाच्या स्वरापासून काफी, चार बंद असतानाच्या स्वरापासून भैरवी, दोन बंद असतानाच्या स्वरापासून खमाज आणि एकच बंद असतानाच्या स्वरापासून आसावरी. यालाच मूर्च्छना म्हणतात. संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांनी मांडलेल्या १० थाटांपैकी सहा असे अर्ध्या छिद्राशिवाय हाती येतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी मात्र येत नाहीत, त्यांना अर्धी छिद्रे लागतातच. हा अभ्यास करताना तानपुऱ्याची पट्टी बदलण्यास विसरू नये. बासरी पांढरी एकची (म्हणजे तिचा षड्ज हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीशी जुळणारा) असेल तर बिलावलासाठी तानपुरा पांढरी पाचवर, काफीसाठी पांढरी सहावर आणि भैरवीसाठी पांढरी सातवर लावावा. तो पांढरी एकवरच राहिला तर कानाला जुनाच षड्ज ऐकू येत राहतो आणि ‘काहीच बदलले नाही’ अशी तक्रार सुरू होते.

मग आपल्याला येणारी एखादी छोटी चाल घ्यावी, ती कोणत्या स्वरावर विसावते ते पाहून त्याला षड्ज ठरवून पाहावे आणि उरलेले स्वर त्या नात्याने लिहावेत. भातखंडे पद्धतीत कोमल (उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली आणि तार (वरच्या सप्तकातील) स्वरावर बिंदू देतात. प्रारंभी एवढे पुरते. लिहिलेले आधी गाऊन पाहावे, मगच बासरी ओठांना लावावी. गळा बेताचा असला तरी चालेल, कारण गाताना बोटांच्या सवयीचा आधार मिळत नाही आणि स्वर खरोखर कळला आहे की नाही, हे लगेच उघड होते.

तालासाठी ८ मात्रांचा केरवा आणि ६ मात्रांचा दादरा घ्यावा आणि हाताने टाळी देत चाल म्हणावी. सम (तालाची पहिली मात्रा) कोठे येते, हे सापडले की मात्रांचे खंड लिहिलेल्या स्वरांवर पाडता येतात. २२ श्रुतींचा वाद सध्या खुशाल सोडून द्यावा. शुद्ध मध्यम अजून डळमळत असताना त्यात शिरून काही साधत नाही. वादी-संवादीही रागाला हात घालाल तेव्हा पाहावेत.