विमान ‘स्टॉल’ होतं, म्हणजे बंद पडतं का?

प्रश्न असा आला आहे: प्रवासी विमानांच्या वैमानिकांना दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणावरच्या एका लेखाचा अनुवाद चालू आहे. त्यात ‘पंखांवर बर्फ साचून विमान हवेत बंद पडल्यास काय करावे, याचे प्रशिक्षण’ असं वाक्य झालं आहे. मूळ शब्द स्टॉल. ‘बंद पडणे’ चालेल का, आणि नसेल तर मराठीत काय म्हणावं?

चालणार नाही. बातम्यांमध्ये हा घोटाळा वारंवार होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घोटाळ्याचं मूळ उघड आहे. सिग्नलवर क्लच झटकन सोडला की गाडी आचका देऊन बंद पडते, त्याला इंग्रजीत स्टॉल होणंच म्हणतात. शब्दकोशात तोच अर्थ आधी भेटतो. पण गाडीत बंद पडतं ते इंजिन. विमानात स्टॉल होतो तो पंख, आणि इंजिनाचा त्याच्याशी थेट संबंध नसतो.

पंखावरून वाहणारी हवा त्याच्या वरच्या पृष्ठभागाला धरून मागे जाते, तोवर पंख विमान उचलून धरतो. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन वाढत गेला, की एका मर्यादेनंतर ती हवा पृष्ठभाग सोडते आणि मागे भोवरे होऊन विस्कटते. साध्या स्वच्छ पंखाच्या बाबतीत ही मर्यादा साधारण 15 अंशांच्या आसपास असते. ती ओलांडली की पंखाचा आधार एकदम घटतो. हाच स्टॉल. तो कुठल्याही वेगाला होऊ शकतो, नाक आकाशाकडे नसतानाही होऊ शकतो, आणि दोन्ही इंजिनं पूर्ण ताकदीने गरजत असतानाही होऊ शकतो.

बर्फ नेमका या मर्यादेवर घाव घालतो. पंखाच्या पुढच्या कडेवर आणि वरच्या बाजूला भरड सँडपेपरइतका खडबडीत थर जरी आला, तरी पंखाची उचलण्याची ताकद 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा अडथळा 40 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. मग स्टॉल कमी कोनाला आणि जास्त वेगाला येतो. म्हणजे रोजच्या हिशेबाने जो वेग सुरक्षित, तो त्या दिवशी सुरक्षित राहत नाही.

आता ‘बंद पडले’ या भाषांतराने काय बिघडतं ते पाहा. 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री अमेरिकेत कोलगन एअर या कंपनीचं डॅश-8 क्यू-400 जातीचं विमान नेवार्कहून बफेलोला उतरायच्या बेतात होतं. विमानावर बर्फ धरला होता. उतरण्याच्या तयारीत वेग घटत गेला आणि ते वैमानिकांच्या लक्षात आलं नाही. वैमानिकाच्या हातातला दांडा थरथरू लागला. स्टॉल जवळ आल्याची ती सूचना असते, तिला स्टिक शेकर म्हणतात. बर्फाळ हवेसाठीचं बटण चालू असल्याने ही सूचना मुद्दाम लवकर, म्हणजे वेग अजून हाताशी असतानाच मिळाली होती. नाक खाली केलं असतं तर विमान सावरलं असतं. कॅप्टनने दांडा स्वतःकडे ओढला. नाक वर गेलं, कोन वाढला आणि विमान खरोखर स्टॉल झालं. पुढे यंत्रणेने स्वतःहून दांडा पुढे ढकलला, तर त्याविरुद्धही त्याने तो ओढून धरला. दांडा थरथरल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत विमान एका घरावर कोसळलं. विमानातले 49 आणि घरातला एक, अशी 50 माणसं गेली.

दोन्ही इंजिनं चालू होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हेच संभाव्य कारण ठरवलं. बर्फाचा परिणाम त्यांच्या मते थोडाच होता. इथे ‘बर्फामुळे विमान बंद पडले’ असं लिहिलं तर एका वाक्यात दोन चुका होतात. शिवाय वाचकाला वाटतं, यंत्र थांबलं, माणूस काय करणार? माणूस काय करू शकत होता, हाच तर त्या प्रकरणाचा गाभा आहे.

तुमचा लेख प्रशिक्षणावर आहे, म्हणून हे जास्तच महत्त्वाचं. पूर्वीच्या सरावात दांडा थरथरला की इंजिनाची ताकद वाढवायची आणि उंची होता होईतो गमवायची नाही, यावर भर असे. बफेलोनंतर मृतांच्या नातेवाइकांनी नेटाने पाठपुरावा केला, 2010 मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि 2013 मध्ये प्रशिक्षणाचे नवे नियम आले. आता आधी नाक खाली, पंखाचा कोन कमी, मग बाकीचं. त्यासाठी उंची खर्च करावी लागली तर करायची. 2019 पासून तिथल्या विमान कंपन्यांच्या वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये नुसत्या सूचनेपाशी न थांबता पूर्ण स्टॉलमध्ये जाऊन बाहेर यावं लागतं. जमीन समोर दिसत असताना दांडा पुढे ढकलणं माणसाच्या अंगवळणी नसतं, ते पाडून घ्यावं लागतं. ‘बंद पडणे’ म्हटलं की या सगळ्या सरावाचा अर्थच लागत नाही.

बर्फ आणि स्टॉल एकत्र आले, तरी बर्फ पंखावरच असेल असंही धरून चालू नका. 2009 मध्येच 1 जूनला एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला जाणारं विमान अटलांटिकमध्ये कोसळलं आणि 228 जण गेले. तिथे बर्फाच्या कणांनी वेग मोजणाऱ्या नळ्या काही काळ चोंदल्या, ऑटोपायलट सुटला आणि पुढे नाक वर ओढलं गेल्याने विमान स्टॉल झालं. तिथेही इंजिनं चालूच होती.

‘बर्फामुळे इंजिन बंद पडले’ हे वाक्य जिथे शोभतं, अशी घटनाही आहे. 27 डिसेंबर 1991 ला स्टॉकहोमहून उडालेल्या एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीच्या विमानाच्या पंखांवरचा बर्फ सुटून मागच्या इंजिनांत गेला आणि दोन्ही इंजिनं निकामी झाली. वैमानिकांनी विमान शेतात उतरवलं, त्याचे तुकडे झाले, पण 129 पैकी सगळे वाचले. तिथे बंद पडली ती इंजिनंच.

मग मराठीत काय म्हणावं? माझं मत: ‘स्टॉल’ हाच शब्द ठेवावा. विमानातली माणसं तोच वापरतात आणि ‘विमान स्टॉल झालं’ हे मराठीच्या तोंडी बसतं. पहिल्यांदा येईल तिथे मात्र ‘पंखाची हवेवरची पकड सुटली’ अशी फोड करावी. तोल सुटतो, धीर सुटतो, तशी पकड सुटते, आणि हवा पृष्ठभाग सोडते हे त्यात नेमकं येतं. ‘उचल गेली’ हेही सुचलं होतं, पण उचल म्हटलं की ऊसतोडीच्या टोळीला दिलेले आगाऊ पैसे आठवणारा वाचक आपल्याकडे मोठा आहे. ‘आक्रमणकोन’ वगैरे शब्दशः घडवलेलं टाळावं. ‘हवेशी होणारा पंखाचा कोन’ लांब आहे, पण कळतं.

‘बर्फ साचणे’ हेही बदलायला हवं. साचतो तो वरून पडून, छपरावर किंवा उभ्या विमानावर. उडत्या विमानाला ढगातले शून्याखाली गेलेले, तरी न गोठलेले थेंब आदळतात आणि आदळताक्षणी गोठतात. बुरशी धरते, शेवाळ धरतं, तसा पंखावर बर्फ धरतो. आपल्याकडे हे क्रियापद तयार असताना ‘हिमीकरण’ कशाला?

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘पंखांवर बर्फ धरून विमान स्टॉल होऊ लागले, म्हणजे पंखांची हवेवरची पकड सुटू लागली, तर ते कसे सावरायचे, याचे प्रशिक्षण.’ लेखात पुढे शेपटाच्या स्टॉलचा उल्लेख आला, तर तिथे ‘शेपटाचा’ हा शब्द अजिबात गाळू नका. शेपटाच्या आडव्या पंखावर बर्फ धरून तो स्टॉल झाला, तर उपाय उलटा असतो, दांडा मागे ओढायचा असतो.