बाबा नेमकं काय म्हणाले?

"ताई, तिला हो म्हटलं तर बाबा खचतील, नाही म्हटलं तर ती. मी काय करू?"

हा प्रश्न घेऊन कितीतरी मुलं-मुली माझ्यासमोर बसतात. त्यातल्याच एकाची ही गोष्ट, ओळख बदलून. सहा वर्षांचं प्रेम, जात वेगळी, वडिलांची बायपास झालेली, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं. फोन त्याने टेबलावर पालथा ठेवला होता. तासाभरात तो पाचदा थरथरला, पण त्याने हात लावला नाही.

मी विचारलं, "बाबा नेमकं काय म्हणाले?"

बराच वेळ तो गप्प. मग हळूच, "त्यांना अजून सांगितलंच नाही."

सहा वर्षं तो वडिलांचा नकार मनातल्या मनात ऐकत होता आणि त्यालाच कर्तव्य म्हणत होता.

मी त्याला कच-देवयानीची आठवण करून दिली. कच मेलेल्याला जिवंत करणारी संजीवनी विद्या मिळवायला देवयानीच्या वडिलांकडे, दैत्यगुरू शुक्राचार्यांकडे गेला, ते देवांचं काम होतं, कर्तव्य खरंच होतं. पण गाऊन-नाचून, फुलं-फळं आणून तिचं मन त्यानेच जिंकलं. दैत्यांनी मारलं तेव्हा तिनेच वडिलांना गळ घालून त्याला जिवंत करवलं. आणि "तू गुरुकन्या, मला बहिणीसारखी" हे तिच्या कानावर आलं निरोपाच्या वेळी. मला तिचा राग कळतो.

एक मात्र सांगायला हवं. घरातून मारहाणीची, जिवाची भीती असेल तर आधी घरी बोलू नका, आधी सुरक्षित व्हा. 112 वर मदत मिळते. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घरच्यांची किंवा जातपंचायतीची संमती लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

याच्या घरी तशी भीती नव्हती. तो वडिलांशी बोलला. ते दोन दिवस जेवले नाहीत, मग नाहीच म्हणाले. तिला भेटायला जाण्याआधी तो माझ्याकडे आला. मी एवढंच म्हटलं, "कर्तव्य हा शब्द वापरू नकोस. जे आहे ते सांग."

त्याने सांगितलं, "त्यांच्याविरुद्ध जायची माझ्यात हिंमत नाही."

ती खूप रडली. उठताना म्हणाली, "हे दुसऱ्याच वर्षी सांगायचं होतंस रे."

तो अजून येतो. फोन आता खिशातच असतो, थरथरत नाही.