एफ.वाय. झालं, पण दाखला अडकला

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातले. मुलगी २०२४-२५ ला एफ.वाय.बी.ए. पास झाली. तेवढ्यात तिचे बाबा आजारी पडले, आंब्याच्या बागेचं सगळं तिच्यावर आलं, म्हणून एस.वाय.ला प्रवेश घेतला नाही. आता रत्नागिरीला मावशीकडे राहून शिकायचं म्हणते. कॉलेज म्हणतं, एस.वाय.ची फी भरा, मगच एल.सी. आणि बारावीचं मूळ मार्कशीट मिळेल. शिवाय पहिलं वर्ष फुकटच गेलं म्हणतात. काय करावं?

उत्तर : ताई, फी भरू नका. आधी मुलीला एकच विचारा, एस.वाय.च्या फॉर्मवर सही केली होती का? निकालाच्या गडबडीत कधी कधी ती घेतली जाते. केली असेल तर मला पुन्हा लिहा, मग हिशेब वेगळा होतो. नसेल, तर देणं लागतच नाही. विद्यार्थ्याला जो अभ्यासक्रम करायचा नाही त्याच्या फीसाठी त्याची कागदपत्रं अडवणं, ही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांत थेट नमूद केलेली तक्रार आहे.

तोंडी भांडू नका. प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. खिडकीवरचा माणूस ‘साहेब नाहीत’ म्हणाला, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. दाद लागली नाही तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. तिने साधारण १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. ग्राहक आयोगात जा, असंही कुणीतरी सुचवेल. त्या वाटेला सध्या जाऊ नका.

वर्ष फुकट गेलं, हे साफ चूक. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिकांवर २२-२२ क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक) आहेत, म्हणजे ४४. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तीन वर्षांची बी.ए. १३२ क्रेडिटची, तेव्हा एक तृतीयांश पदवी मुलीच्या खात्यात पडलेली आहे. फक्त याला कुणी ‘सर्टिफिकेट मिळालं’ म्हणत असेल तर ते खरं नव्हे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचं तर व्यवसायकौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिपची आणखी ४ क्रेडिट लागतात. तिला पुढेच शिकायचंय, तेव्हा त्यामागे धावू नका.

वेळ मात्र मोजा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे बाहेर पडलेल्याला ३ वर्षांत परत यावं लागतं, पदवी ७ वर्षांत पुरी करावी लागते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही मुंबई विद्यापीठातच, त्यामुळे विद्यापीठ बदलत नाही. पण नव्या कॉलेजात तिचा मुख्य विषय आहे का आणि एस.वाय.ला जागा आहे का, हे मावशीला आधी विचारून यायला सांगा.

आणि आज संध्याकाळी मुलीच्या मोबाइलवर डिजिलॉकर उघडून क्रेडिट बँकेत, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्यात, ४४ दिसतात का पाहा. कमी दिसली, तर तीही मागणी त्याच अर्जात घाला.